चक्रीवादळानंतर दिसणारे समुद्रपक्षी : नोंद नेमकी कशी करावी?

उत्तररात्र

मी उत्तर कॅरोलायनातील रॅले शहरात राहते. समुद्र येथून मोटारीने दोन तासांवर आहे. तरीही हरिकेनचा हंगाम सुरू झाला की येथील पक्षीनिरीक्षक किनाऱ्याइतकेच लक्ष शहराजवळच्या फॉल्स लेक आणि जॉर्डन लेक या धरणांच्या जलाशयांवर ठेवतात. त्यामागे 1996 च्या सप्टेंबरचा इतिहास आहे. 'फ्रॅन' हे वादळ केप फिअरजवळ जमिनीवर आले, रातोरात रॅलेवरून पुढे सरकले, आणि त्याच्या मागोमाग व्हर्जिनियाच्या सीमेवरील कर जलाशयावर ब्लॅक-कॅप्ड पेट्रेल दिसले. हा पक्षी हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या डोंगरांत घरटी करतो आणि बाकीचे आयुष्य खुल्या समुद्रावर, आमच्या बाजूला गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाच्या उबदार पाण्यावर, काढतो. एरवी त्याला पाहायचे तर आमच्या किनाऱ्यावरील हॅटरासहून बोटीने खोल समुद्रात जावे लागते.

माझा प्रश्न पक्षी शोधण्यापेक्षा नोंदीविषयी आहे. प्रत्येक वादळानंतर समाजमाध्यमांवर छायाचित्रे येतात, त्याखाली 'हरिकेनने आणलेला पाहुणा' असे लिहिलेले असते, आणि दोन दिवसांत ती वाहून जातात. वीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला उपयोगी पडेल अशी नोंद करायची असेल, तर तिच्यात काय असावे? आणि पक्षी वादळानेच आणला, हे निरीक्षकाने स्वतः लिहावे का? माझ्या मते लिहू नये. पण इतरांचे मत ऐकायला आवडेल.

दर्यावर्दी

वादळ गेल्यानंतर घराबाहेर पडावे, वादळात पडू नये. पुढचे सारे नियम हा पहिला नियम पाळणाऱ्यांनाच लिहिता येतात.

जुनाजाणता

दर्यावर्दींना अनुमोदन. मी न्यू जर्सीत राहतो आणि 2012 च्या 'सँडी' वादळापासून हा विषय जवळून पाहत आलो आहे.

उत्तररात्र, नोंदीत काय असावे हे ठरवण्याआधी पक्षी आत कसे येतात ते पाहू, कारण कोणती माहिती महत्त्वाची हे त्यावरूनच ठरते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळ ज्या दिशेने सरकत असेल, त्याच्या उजव्या बाजूला वाऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा वेग यांची बेरीज होते. किनाऱ्यावर येताना समुद्राकडून जमिनीकडे जाणारा सर्वांत जोरकस वारा याच बाजूला असतो, आणि पक्षी ढकलले जाण्याची एक वाट ही झाली. दुसरी वाट डोळ्याची. काही पक्षी वादळाच्या शांत केंद्रात सापडतात आणि केंद्र जमिनीवर सरकत राहते तोवर त्याच्याबरोबर उडत राहतात. डोळा विस्कटला की ते खाली उतरतात आणि दिसेल ते मोठे पाणी गाठतात. म्हणून धरणांचे जलाशय.

पुढचा भाग वेळेचा आहे. यांतील बरेचसे पक्षी थांबत नाहीत. आकाश मोकळे होताच ते उंची घेतात किंवा नदीच्या प्रवाहाने समुद्राकडे निघून जातात. केंद्र सकाळी गेले असेल तर दुपारी जलाशय रिकामा असू शकतो. यावरून माझे उत्तर असे की नोंदीत पक्ष्याच्या नावाइतकीच वेळ महत्त्वाची आहे, आणि तीही 'सकाळी' अशी नव्हे, तर तास-मिनिटांत. त्यासोबत पक्षी कोणत्या दिशेकडून आला आणि कोणत्या दिशेला गेला, तो वर्तुळात फिरत होता की सरळ निघून गेला, वाऱ्याची दिशा काय होती आणि ती कधी बदलली, हे लिहावे.

नवखी_पुणे

पक्षी डोळ्यात खरोखर असतात, की ही ऐकीव गोष्ट आहे? तिथे कोणी जाऊन पाहिले आहे का?

जुनाजाणता

@नवखी_पुणे, जहाजांवरच्या लोकांनी पूर्वीपासून लिहून ठेवले आहे की केंद्रात शिरल्यावर डेकवर थकलेले पक्षी येऊन बसतात. आता रडारवरही तसे दिसते. नव्या हवामान रडारमध्ये आडव्या आणि उभ्या अशा दोन प्रकारच्या लहरी सोडतात. पावसाचे थेंब साधारण एकसारखे असल्याने दोन्ही प्रतिध्वनी जुळतात. पक्षी आणि कीटक वेडेवाकडे असल्याने जुळत नाहीत. काही वादळांच्या डोळ्यात असा न जुळणारा ठिपका स्पष्ट दिसलेला आहे. मात्र तो ठिपका पक्ष्यांचा की कीटकांचा, हे केवळ रडारवरून नेहमी सांगता येत नाही.

गणिती_पाखरू

या चर्चेत एक गृहीतक न तपासता पुढे जात आहे, ते म्हणजे समुद्रपक्षी नेहमी वादळाचे बळी असतात. 2022 मध्ये जपानमधील स्ट्रीक्ड शिअरवॉटर या पक्ष्यांच्या पाठीवरील यंत्रांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमीन आणि वादळाचे केंद्र यांच्या मध्ये सापडलेले काही पक्षी चक्क केंद्राच्या दिशेने उडाले. ते केंद्रापासून तीस किलोमीटरच्या आत गेले आणि काही तास त्याच्या मागे राहिले. जमिनीवर फेकले जाण्यापेक्षा केंद्राजवळ राहणे त्यांना परवडत असावे, असा अभ्यासकांचा अर्थ आहे. मदेराजवळच्या बेटावर घरटी करणारे डेझर्टास पेट्रेल तर वादळाच्या मागून जातात, असे 2024 च्या अभ्यासात दिसले. वादळाने समुद्र ढवळला की खालचे थंड पाणी वर येते आणि त्याबरोबर खाद्यही वर येते.

म्हणून माझ्या मते 'वादळाने आणलेला' हे वाक्य नोंदीत येऊच नये. ते निरीक्षण नाही, अनुमान आहे. निरीक्षकाने पाहिलेले तेवढे लिहावे. कारण शोधण्याचे काम नंतरच्या अभ्यासकाचे.

दर्यावर्दी

म्हणजे आम्ही ज्याला बिचारा म्हणून बिस्किटे दाखवत होतो, तो मेजवानीला निघाला होता.

खाडीकाठ_रत्नागिरी

कोकणातून थोडी वेगळी बाजू मांडतो. आमच्याकडे समुद्रपक्षी किनाऱ्यावर सापडण्याचा मुख्य हंगाम चक्रीवादळाचा नसून जून ते ऑगस्ट या पावसाळ्याचा आहे. नैर्ऋत्येचा वारा आठवडाभर न थांबता वाहिला की पुळणीवर मास्क्ड बूबी, सूटी टर्न, नॉडी, विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल असे पक्षी थकून पडलेले सापडतात. त्यांतला प्रत्येक पक्षी वर्तमानपत्रात 'वादळाचा फटका' म्हणून छापून येतो, जरी त्या आठवड्यात अरबी समुद्रात नाव देण्याजोगे वादळ नसले तरी. या बाबतीत गणिती_पाखरू यांच्याशी मी सहमत आहे.

त्यातही काही पक्षी परके नाहीतच. ब्राइडल्ड टर्न वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर प्रजनन करतात, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. लक्षद्वीपच्या पित्ती बेटावर सूटी टर्न आणि नॉडी घरटी करतात. तेव्हा मालवणला ब्राइडल्ड टर्न सापडला, तर तो वादळाने आफ्रिकेहून आणला असे म्हणण्याआधी शेजारी पाहावे.

आता आमच्या किनाऱ्यावरील वाऱ्याविषयी, कारण तेथे जुनाजाणता यांचे 'उजवी बाजू' हे सूत्र जरा निराळ्या रीतीने लागू पडते. 'निसर्ग' 3 जून 2020 रोजी रायगडात जमिनीवर आले खरे, पण तसे क्वचित घडते. मे 2021 मधील 'तौक्ते'प्रमाणे वादळ बहुधा किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाते आणि किनारा त्याच्या उजव्या हाताला राहतो. केंद्र दक्षिणेला असताना आमच्याकडे वारा आग्नेयेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा असतो. ते पुढे सरकले की वारा फिरतो आणि नैर्ऋत्येकडून थेट किनाऱ्यावर येतो. त्यामुळे वादळ सर्वांत जवळ असतानाचा काळ पक्ष्यांसाठी उत्तम असे नाही; वारा फिरल्यानंतरचे तास अधिक महत्त्वाचे. नोंदीत वारा फिरल्याची वेळ हवी, या मताला म्हणूनच माझा दुजोरा आहे.

जुनाजाणता

@गणिती_पाखरू, तुमचा मुद्दा तत्त्वतः मान्य. पण निरीक्षकाने वादळाचा उल्लेखच टाळला तर माहिती हरवते. 'सँडी' 29 ऑक्टोबर 2012 रोजी आमच्या किनाऱ्यावर आले. त्यानंतर न्यू इंग्लंडमध्ये नॉर्दर्न लॅपविंग दिसू लागले. हा युरोपातल्या शेतांत राहणारा पक्षी आहे. त्याचा समुद्राशी संबंध नाही आणि तो वादळाच्या केंद्राच्या वाटेतही नव्हता. वादळाच्या उत्तरेला अटलांटिकवर पूर्वेचा जोरदार वारा लांबवर वाहत होता आणि त्यावर स्वार होऊन ते आले असावेत, असे मानले जाते. ज्यांनी त्या दिवसांत वाऱ्याची स्थिती टिपून ठेवली, त्यांच्यामुळे हा तर्क करता आला.

गणिती_पाखरू

आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. केवळ मार्गापासूनचे अंतर पाहून 'वादळाचा / वादळाचा नाही' असा शिक्का निरीक्षकांनी मारला असता, तर लॅपविंग चुकीच्या खणात गेले असते. वारा लिहा, दाब लिहा, वेळ लिहा. शिक्का मारू नका.

पाणकावळा

मध्येच शिरतो. 2023 च्या ऑगस्टअखेरीस 'इडालिया' फ्लोरिडात आले आणि त्यानंतर रोहित पक्षी ओहायो, पेनसिल्व्हेनिया असे करत थेट विस्कॉन्सिनमध्ये मिशिगन सरोवराच्या काठी दिसले. पोर्ट वॉशिंग्टनला पाच होते. अख्खे राज्य पाहायला लोटले म्हणतात. आमच्या ऐरोलीला हजारोंनी दिसतात, तरी कोणाची लोकल चुकत नाही.

नवखी_पुणे

पण रोहित समुद्रपक्षी नव्हे, आणि अमेरिकेत लोक हौसेने पाळलेलेही असू शकतात. ते वादळाबरोबर आले हे कसे ठरले?

उत्तररात्र

@नवखी_पुणे, प्रश्न नेमका आहे. त्यांतील फ्लोरिडात दिसलेल्या एका पक्ष्याच्या पायात खूणपट्टी होती. ती मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील रिआ लागार्तोस येथे घातलेली निघाली. इडालिया त्याच भागाजवळून उत्तरेला गेले होते. एका पट्टीने सगळ्या थव्यांचे मूळ सिद्ध होत नाही, पण पाळीव पक्षी सुटले असतील ही शंका बरीच मागे पडते. पुढे 2024 च्या फेब्रुवारीत फ्लोरिडात मोजणी केली, तेव्हा 101 रोहित मिळाले. म्हणजे काही तिथे टिकलेही.

यातून नोंदीसाठी एक गोष्ट निघते. पायांचे छायाचित्र काढावे, मग पाय चिखलात असोत की पाण्यात. सुंदर पंखांच्या मोहात पाय चौकटीबाहेर राहतात आणि पट्टी होती की नव्हती हे कायमचे गुलदस्त्यात राहते.

सागरिका_मुंबई

ओळख पटवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण किनाऱ्यावरील नोंदी सर्वांत जास्त तिथेच फसतात.

सूटी टर्न आणि ब्राइडल्ड टर्न यांच्या बाबतीत कपाळ पाहावे. सूटीच्या कपाळाचा पांढरा डाग डोळ्यापाशी थांबतो, ब्राइडल्डचा डोळ्याच्या मागे भुवईसारखा जातो. सूटीची पाठ काळी असते, ब्राइडल्डची करडी-तपकिरी, आणि मान व पाठ यांच्यामध्ये फिकट पट्टा दिसतो. सूटीचे पिल्लू मात्र जवळजवळ सगळेच गडद आणि पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचे असते, म्हणून लोक त्याला नॉडी समजतात. स्टॉर्म पेट्रेलमध्ये आधी कमरेवरचा पांढरा पट्टा आहे की नाही ते पाहावे. विल्सन्सला तो असतो आणि उडताना पाय शेपटीच्या बाहेर डोकावतात, स्विन्होजला नसतो. फ्रिगेट पक्ष्यांत पोटावरील आणि काखेतील पांढरा भाग नेमका कुठपर्यंत आहे यावर सारे अवलंबून असते, त्यामुळे डोक्यावरून जाताना खालून घेतलेली छायाचित्रे लागतात, आणि तीही एक नव्हे.

छायाचित्र धूसर असले तरी टाकून देऊ नये. धूसर चित्रांची मालिका एका नेटक्या चित्रापेक्षा कधीकधी अधिक सांगते, कारण तीत पंखांची हालचाल आणि शरीराची प्रमाणे दिसतात. चित्र उजळ करून किंवा रंग सुधारून टाकायचे असेल तर मूळ फाईलही जपावी. पाठीचा रंग काळा की तपकिरी यावर निर्णय असताना सुधारलेले चित्र पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते.

शेवटी, ओळख पटली नाही तर 'सूटी किंवा ब्राइडल्ड टर्न' असे लिहिण्याची सोय ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही. तेथील नोंदी तपासणारे अधिक माहिती मागतात तेव्हा अनेकांना तो अपमान वाटतो. पण दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीला प्रश्न विचारले जाणे हे ती गंभीरपणे घेतली जात असल्याचे लक्षण आहे.

पाणकावळा

सागरिकाताई, हे वाचून माझ्या संग्रहातील अर्ध्या 'नॉडीं'चे पुनर्वसन करावे लागणार.

पशुवैद्य_सातारा

जिवंत पण थकलेला पक्षी सापडल्यास काय करावे, हेही येथे असावे. त्याला पुन्हा समुद्रात सोडू नये. तो उडण्याच्या स्थितीत असता तर किनाऱ्यावर पडला नसता. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ टॉवेल घालून त्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. टॉवेल महत्त्वाचा आहे, कारण हे पक्षी पाण्यावर तरंगणारे असल्याने कठीण जमिनीवर बसून त्यांच्या छातीच्या हाडावर जखमा होतात. चोच उघडून पाणी किंवा मासा भरवू नये. बूबीची चोच धारदार असते आणि ती थेट चेहऱ्याकडे येते. महाराष्ट्रात वनविभागाची मदतवाहिनी 1926 ही आहे. बर्ड फ्लूचा धोका पाहता मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये.

मृत पक्षीही नोंदीच्या दृष्टीने मोलाचा असतो. मोजपट्टी शेजारी ठेवून वरून, खालून, चोचीची बाजू आणि उघडलेला पंख अशी छायाचित्रे घ्यावीत. मात्र तो घरी नेऊ नये. भारतात 1972 चा वन्यजीव कायदा आहे. अमेरिकेत 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार परवानगीवाचून पीसदेखील ठेवता येत नाही.

उत्तररात्र

धन्यवाद, डॉक्टर. येथे रॅलेत राज्याचे निसर्गविज्ञान संग्रहालय आहे. मृत पक्षी सापडल्यास मी उचलण्याआधी तेथे विचारेन.

वैनतेय

चर्चा उत्तम आहे, पण मला एक खटकते. 'हेलीन'ने 2024 च्या सप्टेंबरात याच उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात शंभरहून अधिक माणसे दगावली. रस्ते वाहून गेले. अशा वेळी दुर्बीण घेऊन जलाशयावर उभे राहणे मला तरी अशोभनीय वाटते, मग नोंद कितीही शास्त्रशुद्ध असो.

जुनाजाणता

वैनतेय, मी अंशतः सहमत आहे. आपत्ती ओढवलेल्या ठिकाणी बाहेरून जाऊन रस्ते अडवू नयेत, पेट्रोल आणि हॉटेलच्या खोल्या स्थानिकांसाठी सोडाव्यात. पण आपल्या घराजवळच्या तळ्यावर, रस्ता सुरक्षित असताना, तासभर उभे राहण्याने कोणाच्याही दुःखात भर पडत नाही.

खाडीकाठ_रत्नागिरी

'निसर्ग'नंतर आमच्या भागात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या होत्या. त्या दिवसांत पक्ष्यांच्या चार चांगल्या नोंदी कळल्या, त्या पुळणीवर आपली होडी पाहायला गेलेल्या माणसांकडून. ते पक्षी पाहायला गेले नव्हते. त्यांना दिसले आणि त्यांनी मोबाईलवर टिपले. अशा माणसांना ईबर्डची यादी भरा असे सांगण्यापेक्षा छायाचित्र, गाव आणि वेळ एवढे मागून घेणे, आणि ती माहिती त्यांची आहे असे नमूद करून आपण भरणे, हे मला अधिक योग्य वाटते.

वैनतेय

याला माझा आक्षेप नाही. बाहेरगावाहून गाड्या भरून येणाऱ्यांविषयीच मी बोलत होतो.

उत्तररात्र

मूळ प्रश्नाकडे वळते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी जलाशयावर जाऊन काहीच दिसले नाही, तर ती यादी भरावी का? बरेच जण भरत नाहीत. दुसरे असे की दिवसभर एकाच जागी थांबले तर एकच यादी करावी, की अनेक?

गणिती_पाखरू

रिकामी यादी अवश्य भरावी. समुद्रपक्षी दिसला नाही, पण बगळे, कुरव आणि बदके दिसली, अशी पूर्ण यादी म्हणजे त्या वेळी तिथे डोळे होते याचा पुरावा आहे. ती नसेल तर पुढच्या अभ्यासकाला पक्षी नव्हते की माणूस नव्हता हे कळणार नाही. ज्या नोंदी केवळ यशाच्या असतात, त्यांतून वादळाचा परिणाम नेहमी फुगलेला दिसतो.

याद्या लहान आणि वेगवेगळ्या कराव्यात; तासाची एक ठीक. दिवसभराच्या एका यादीत पेट्रेल सकाळी सातला दिसला की संध्याकाळी पाचला, हे हरवते, आणि केंद्र केव्हा गेले याच्याशी ते जुळवता येत नाही. ठिकाण म्हणून आख्ख्या जलाशयाची खूण न निवडता आपण उभे होतो ती जागा नकाशावर टोचावी.

सागरिका_मुंबई

आणि कॅमेऱ्याचे घड्याळ. भारतातून तिकडे गेलेल्यांच्या कॅमेऱ्यात कित्येक वर्षे भारतीय वेळच चालू असते. सुरुवातीला मोबाईलच्या घड्याळाचे एक छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने काढावे. फरक किती आहे ते नंतर कोणालाही काढता येते.

उत्तररात्र

हे आत्ताच तपासले. कॅमेरा नुकताच डेक्कन जिमखान्यावरून निघाल्याच्या थाटात आहे.

'वादळाने आणलेला' या वाक्याबाबत मी माझ्या मूळ मतावर आहे, पण जुनाजाणता यांच्या आग्रहामुळे त्यात एक भर घालते. टिप्पणीत वादळाचे नाव, केंद्र आपल्यापासून साधारण किती दूरवरून आणि किती वाजता गेले, आणि वाऱ्याची दिशा एवढे लिहीन. 'आणले' हे क्रियापद लिहिणार नाही.

जुनाजाणता

चालेल. नाव लिहिताना वर्षही लिहा. अटलांटिकच्या वादळांच्या नावांची यादी दर सहा वर्षांनी पुन्हा फिरते. फार विध्वंस केलेले नाव तेवढे कायमचे निवृत्त होते.

पाणकावळा

धरणाच्या भिंतीवर वादळानंतर जाऊ देतात का? आमच्याकडे तर एरवीही सुरक्षारक्षक दुर्बीण पाहून हटकतो.

उत्तररात्र

फॉल्स लेकचे काही भाग पडलेली झाडे हटेपर्यंत बंद असतात, त्यामुळे निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावे लागते. बंद असेल तर जायचे नाही. जलाशय ओलांडणाऱ्या पुलावर मोटार थांबवून पाहणारे लोक आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.